जुन्या जीपला परक्या बनावटीची चाके

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या अंगणात जुनी जीप उभी असणे ही चैनीची गोष्ट नव्हे. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांकडे जाणाऱ्या पांदणीतून खताच्या गोण्या नेणे, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या जुड्या एका शेतातून दुसऱ्या शेतात पोचविणे, मळणीनंतर पोती बाजाराला नेणे आणि प्रसंगी आजारी माणसाला दवाखान्यात पोचविणे, ही सारी कामे ही गाडी मुकाट्याने करीत असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाचे आहे. अशा मुलखात चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या गाडीची किंमत तिच्या वयावरून ठरवता येत नाही.

परंतु या गाड्यांची मूळ चाके आता थकली आहेत. सोळा इंची अरुंद रिमा गंजल्या आहेत, त्यांच्या कडा वाकल्या आहेत आणि तशाच नव्या रिमा व टायर प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. म्हणून दुसऱ्या बनावटीच्या गाडीची वापरलेली चाके आणून जुन्या जीपला बसविण्याचा प्रघात पडला आहे. हे करावे की करू नये, असा प्रश्न शेतकरी बंधू आम्हाला विचारतात. पीकसंरक्षणाच्या औषधाविषयी विचारावे तितक्याच विश्वासाने ते चाकाविषयीही विचारतात. म्हणून या प्रश्नाचा विचार या पत्रिकेतून करणे मला अस्थानी वाटत नाही.

माझे मत प्रारंभीच सांगतो. परकी चाके बसविणे हे पाप नव्हे. मात्र केवळ बोल्टांची भोके जुळली एवढ्यावरून ती बसविणे हा मोठा अविचार आहे. मोजमाप करून बसविलेले परके चाक गंजलेल्या मूळ चाकापेक्षा अधिक सुरक्षित असू शकते. मोजमाप न करता बसविलेले चाक मात्र घरच्या माणसांच्या जिवावर बेतते.

चाक बदलणे नवे नाही

आपल्या ग्रामजीवनात चाके बदलण्याची गोष्ट नवी नाही. लाकडी आऱ्यांचे आणि लोखंडी धावेचे चाक काढून बंडीला रबरी टायरची चाके लावली गेली, तो बदल वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. मोटारीचे जुने आस आणि निरुपयोगी ठरलेले टायर घेऊन गावच्या सुताराने व लोहाराने मिळून कितीतरी बंड्या उभ्या केल्या. बैलांना ओढ हलकी झाली आणि रस्त्याला लोखंडी धावेचे चरे पडेनासे झाले. तो बदल लाभदायक होता यात शंका नाही.

पण त्या बदलाबरोबर एक नवी अडचणही आली. लाकडी चाकाची जड बंडी उतारावर आपोआप रेंगाळत असे. टायरची बंडी उतारावर सुटू लागली आणि भरलेल्या गाडीचा सारा भार बैलांच्या मानेवर येऊ लागला. तेव्हा शहाण्या शेतकऱ्याने ब्रेकची योजना केली. ज्यांनी ती केली नाही, त्यांच्या बैलांनी ते सोसले. यातून घेण्याजोगा धडा असा की चाक हा गाडीचा सुटा भाग नाही. चाक बदलले म्हणजे ब्रेक, आस, बेअरिंग आणि वळण या सर्वांचा हिशेब बदलतो. बंडीच्या बाबतीत जे खरे, ते जीपच्या बाबतीत अधिकच खरे आहे, कारण जीपचा वेग बंडीच्या कितीतरी पट असतो.

भोके का जुळतात

महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी 1947 साली सुरू केली. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि विकास गटाच्या कामाबरोबर जीपही खेड्यांत पोचली. तेव्हापासून खेड्यातील माणसाला ही गाडी ओळखीची आहे. या जीपचे चाक पाच बोल्टांवर बसते आणि त्या पाच बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिलिमीटर असतो.

पुढे डिसेंबर 1985 मध्ये मारुती जिप्सी ही गाडी आली. तिलाही पाच बोल्ट आणि त्यांचे वर्तुळ तेच, 139.7 मिलिमीटरचे. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना फिरविणाऱ्या जिप्सी गाड्या आपल्या जिल्ह्यात सर्वांनी पाहिल्या आहेत. या गाड्यांचे उत्पादन सामान्य ग्राहकांसाठी आता बंद झाले असले, तरी त्यांची वापरलेली चाके बाजारात मिळतात. ती जुन्या जीपच्या बोल्टांवर सहज सरकतात. नेमकी येथेच फसगत होते. जे चाक बोल्टांवर जातच नाही, ते कोणी बसवीत नाही. जे सहज जाते, त्याच्याविषयी कोणी शंका घेत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

येथे एक अनुभव नमूद करणे मला कर्तव्य वाटते, कारण त्यात माझाही दोष आहे. 2021 च्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानपट्ट्यातील एका गावी मी रोवणीच्या पाहणीसाठी गेलो होतो. तेथील एका शेतकऱ्याने आपल्या जुन्या जीपसाठी शहरातील भंगार बाजारातून मिश्रधातूची चार वापरलेली चाके आणली होती. ती जाड, रुंद आणि दिसायला देखणी होती. गावच्या मिस्त्रीने ती चढविली होती. शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, बरोबर बसली ना?” मी चाकाभोवती एक फेरी मारली, पाचही नट जागेवर असल्याचे पाहिले आणि म्हणालो, “उत्तम बसली आहेत.”

कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात मला शेती अवजारांचा व यंत्रांचा विषय होता. नटाची बैठक म्हणजे काय, आटे किती धरले गेले पाहिजेत, हे मी शिकलो होतो. परंतु त्या दिवशी मी ना पट्टी हाती घेतली, ना पाना.

तीन आठवड्यांनी त्याच जीपमधून आठ स्त्रिया रोवणीला निघाल्या होत्या. मामा तलावाच्या पाळीवरून जात असताना गाडीचे पुढचे डावे चाक निखळले आणि तलावाच्या उताराने गडगडत पाण्यात गेले. जीप एका अंगावर कलली. वेग कमी होता, म्हणून जीवितहानी झाली नाही. पण एका मजूर बाईचा हात मोडला. ऐन रोवणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडाली आणि पुढे धान कापणीलाही ती जाऊ शकली नाही. रोवणी व कापणी या दोन हंगामांवर ज्या घराचे वर्ष चालते, त्या घराला याचा अर्थ काय होतो, हे या भागात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

नंतर आम्ही ते चाक बाहेर काढून पाहिले. जीपचे मूळ नट या चाकाच्या भोकांत नीट बसतच नव्हते. नटाचा उतार एका तऱ्हेचा आणि भोकाच्या कडेचा उतार दुसऱ्या तऱ्हेचा होता. त्यामुळे नट पूर्ण बैठकीवर न टेकता केवळ एका बारीक रेषेवर टेकला होता. शिवाय चाकाची तबकडी जाड असल्यामुळे नटात बोल्टाचे थोडेच आटे शिरले होते. नट हळूहळू सैल झाले, चाक डुलू लागले, भोके लांबट झाली आणि अखेर बोल्टच तुटले. त्या शेतकऱ्याने मला दोष दिला नाही. तो म्हणाला, “साहेबांनी पाहिले होते, म्हणून मी निर्धास्त होतो.” हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मोजावयाच्या गोष्टी

यानंतर मी जे शिकलो ते येथे क्रमाने देत आहे. यासाठी मोठ्या यंत्राची जरुरी नाही. पोलादी पट्टी, सरळ गज, खडू आणि चाकाचा पाना एवढे साहित्य पुरेसे आहे.

पहिली गोष्ट बोल्टांचे वर्तुळ. चार किंवा सहा भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजले की वर्तुळाचा व्यास मिळतो. पाच भोकांच्या चाकात कोणतेही भोक दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही, म्हणून तेथे घोटाळा होतो. अशा वेळी लगतच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजावे. 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळासाठी ते सुमारे 82 मिलिमीटर भरते. एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर सुमारे 133 मिलिमीटर भरते. पुष्कळशा मोटारींच्या चाकांचे पाच बोल्टांचे वर्तुळ 114.3 मिलिमीटरचे असते. त्यात लगतच्या भोकांचे अंतर सुमारे 67 मिलिमीटर येते, म्हणजे फरक चटकन कळतो. भोकांची संख्याही पाहावी. टोयोटा फॉर्च्युनरचे वर्तुळ 139.7 मिलिमीटरचेच आहे, पण बोल्ट सहा आहेत. वर्तुळात थोडा फरक असता भोके कानशीने घासून लांबट करण्याची युक्ती काही मिस्त्री करतात. ती सर्वथा त्याज्य समजावी.

दुसरी गोष्ट मधले भोक. जुन्या जीपच्या पुढच्या हबचा भाग चाकातून बराच बाहेर येतो. परक्या चाकाचे मधले भोक लहान असेल, तर चाक हबच्या तोंडावर सपाट टेकत नाही. ते टेकल्यासारखे दिसते आणि नट आवळताना ताण तबकडीवर येतो. अशा वेळी ग्यासने कापून भोक मोठे करू नये. उष्णतेने धातू बिघडतो आणि भोकाचा मध्य ढळतो. मुळातच पुरेसे मोठे भोक असलेले चाक शोधावे.

तिसरी गोष्ट नट आणि आटे. मूळ विलिस घाटणीच्या जीपचे बोल्ट अर्धा इंच व्यासाचे आणि इंचाला 20 आट्यांचे असतात. जिप्सीचे बोल्ट 12 मिलिमीटरचे व दीड नव्हे, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे असतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. हे दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाचा नट दुसऱ्यावर जोर करून चढविला, तर आटे सोलले जातात. नट आधी हाताच्या बोटांनी अखेरपर्यंत फिरला पाहिजे. तो अडला तर पाना लावू नये. मूळ विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असतात, हेही ध्यानात असू द्यावे. हे न जाणता जोर लावून बोल्ट तोडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

नटाची बैठक कोनाकार, गोलाकार किंवा सपाट अशा तीन प्रकारची असते. चाकाच्या भोकाची कड ज्या प्रकारची असेल, त्याच प्रकारचा नट पाहिजे. तपासण्याची सोपी रीत अशी: नटाच्या उतारावर ओल्या खडूचा पातळ लेप द्यावा, नट हलका आवळून पुन्हा काढावा. भोकाच्या कडेवर खडूचा पट्टा चहूकडे सारखा रुंद उमटला, तर बैठक जुळली. बारीक रेघ किंवा अर्धेच वर्तुळ उमटले, तर जुळली नाही. तपासणीनंतर खडू पुसून बैठक कोरडी व स्वच्छ करावी. तिच्यावर रंग वा ग्रीस ठेवू नये. बोल्टाचा जेवढा व्यास असेल, निदान तेवढी लांबी नटाच्या आट्यांत शिरली पाहिजे. जाड मिश्रधातूच्या चाकात नेमकी येथे उणीव राहते.

चौथी गोष्ट चाकाची खोली. हिच्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. चाकाची बाहेरची बाजू जमिनीकडे करून ते आडवे ठेवावे, रिमेच्या काठांवर सरळ गज ठेवावा आणि गजापासून हबला टेकणाऱ्या तबकडीपर्यंतची खोली मोजावी. जुन्या चाकाचीही अशीच मोजावी. नव्या चाकाची खोली जास्त असेल, तर चाक आत सरकते आणि पाट्याला, ब्रेकच्या नळीला किंवा स्टेअरिंगच्या दांड्याला घासते. खोली कमी असेल, तर चाक बाहेर येते. प्रत्येक बाजूला 40 मिलिमीटर बाहेर आले, तर दोन चाकांतील अंतर 80 मिलिमीटरने वाढते. गाडी रुंद व रुबाबदार दिसते आणि तरुणांना ते आवडते. पण भरलेली बादली अंगालगत धरणे वेगळे आणि हात लांब करून धरणे वेगळे. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर आणि पुढच्या आसाच्या सांध्यांवर ताण अधिक. स्टेअरिंग जड होते आणि खड्ड्यात चाक गेले की ते हातातून हिसकले जाते. चाक मडगार्डाच्या बाहेर आले, तर मागून येणाऱ्यावर चिखल व खडे उडतात ते वेगळेच.

हाच दोष झाकण्यासाठी किंवा आत घासणारे चाक बाहेर काढण्यासाठी हब व चाक यांच्यामध्ये धातूची चकती घालतात. स्थानिक लेथवर कातून केलेल्या अशा चकतीने बोल्टाचे धरलेले आटे कमी होतात आणि ताण वाढतो. ओझे वाहणाऱ्या गाडीत ती मला मान्य नाही. त्याचप्रमाणे एका रिमेची तबकडी कापून दुसऱ्या रिमेत डाखणे, किंवा रिम मधोमध कापून पट्टी जोडून रुंद करणे, हेही टाळलेच पाहिजे.

टायरची उंची

टायरच्या आकड्यांवरून त्याची उंची कागदावर काढता येते. टायरची रुंदी आणि तिच्यापुढील टक्केवारी यांचा गुणाकार करून तो दुप्पट करावा व त्यात रिमेचा व्यास मिळवावा. जुन्या जीपच्या 6.00-16 या टायरची उंची सुमारे 730 मिलिमीटर असते. जिप्सी किंगच्या 205/70 आर 15 या टायरची उंची 668 मिलिमीटर भरते. म्हणजे ही चाके जशीच्या तशी घातली, तर आसाची जमिनीपासूनची उंची सुमारे 30 मिलिमीटरने घटते. बांधीच्या धुऱ्यावर किंवा दगडाळ नाल्यात हे तीन सेंटिमीटर फार महत्त्वाचे असतात. गतिमापकही खोटे बोलू लागतो. तो 40 दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात सुमारे 37 च्या वेगाने चालते. त्याच पंधरा इंची मापात 235/75 चे टायर असेल, तर उंची सुमारे 733 मिलिमीटर येते, म्हणजे मुळाच्या अगदी निकट. मात्र ते टायर बरेच रुंद आहे. म्हणून रिमेची रुंदी, त्याची घासण्याची शक्यता आणि नोंदणीचे नियम हे सर्व पुन्हा पाहावे लागते. केवळ उंची जुळली म्हणून ते घेऊ नये.

चारही चाके एकाच मापाची असली पाहिजेत, हा नियम चार चाकांना जोर देणाऱ्या गाडीत अटळ आहे. पैशाच्या अडचणीमुळे पुढे दोन नवी व मागे दोन जुनी असे पुष्कळ जण करतात. साध्या गाडीत ते कसेबसे चालते. पण जुन्या जीपमध्ये चार चाकांचा गिअर टाकला की पुढचा व मागचा आस एकमेकांशी बांधले जातात. पुढचे चाक लहान आणि मागचे मोठे असेल, तर दोघांच्या फेऱ्या जुळत नाहीत. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भागविते. कठीण जमिनीवर मात्र सारा ताण गिअरपेटीवर व आसांवर येतो. म्हणून प्रत्येक चाकावर खडूची खूण करून, गाडी भरलेली असताना, एका पूर्ण फेरीत ते किती अंतर जाते हे मोजावे. चारही अंतरे जवळजवळ समान आली पाहिजेत. पाचवे राखीव चाकही याच मापाचे व याच भोकांचे हवे. राखीव चाकासाठी वेगळे नट लागत असतील, तर ते त्या चाकालाच बांधून ठेवावेत.

हाच विचार चार चाकी जोराच्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. त्यात पुढची चाके मुद्दाम किंचित पुढे ओढतील अशी योजना केलेली असते. मागच्या टायरचे माप बदलून पुढचे तसेच ठेवले, तर हे प्रमाण बिघडते. चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके लावतानाही ती त्याच ट्रॅक्टरच्या मापाची असावीत.

रुंद टायर आणि आपली माती

रुंद टायर चिखलात कधीच फसत नाही, असा एक समज पसरला आहे. तो अर्धा खरा आहे. वैनगंगेच्या पात्रातील सैल वाळूवर रुंद टायर हवा थोडी कमी करून चालविला, तर वर तरंगतो आणि उपयोगी पडतो. पण आपल्या पांदणीतील चिखल वेगळा आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा या बाजूची काळी चिकण माती टायरच्या नक्षीत भरते आणि गुळगुळीत चाक जागीच फिरत राहते. नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, चामोर्शीकडे पुष्कळ ठिकाणी वरचा चिखल मऊ, पण त्याखाली टणक थर असतो. तेथे अरुंद चाक चिखल कापून खालच्या टणक थरावर पकड घेते. जुन्या जीपला अरुंद टायर दिले गेले, ते केवळ काटकसरीपायी नव्हे. शिवाय पांदणीतील चाकोऱ्या बंडीच्या चाकांनी पडलेल्या असतात. रुंद चाक त्यांत नीट बसत नाही आणि कडांवर चढत-उतरत राहते. कोणत्या जमिनीवर गाडी अधिक चालणार, हे आपल्या शेतकऱ्याला दुकानदारापेक्षा अधिक कळते. त्याने त्याच ज्ञानावर निर्णय घ्यावा.

वापरलेल्या मालाविषयी सावधगिरी

वापरलेला टायर घेताना त्याच्या बाजूवर कोरलेला चार आकड्यांचा अंक पाहावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. 2316 असे असेल, तर तो टायर 2016 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी खोल दिसली, तरी रबर म्हातारे झालेले असते आणि बाजूवर बारीक तडे दिसतात. असा टायर स्वस्त मिळाला, तरी महाग पडतो. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. चिखलात काम असेल, तर तेवढीही अपुरीच आहे. बाजूवर लिहिलेली वजन पेलण्याची क्षमताही पाहावी. प्रवासी मोटारीचा टायर पोत्यांचे ओझे वाहणाऱ्या जीपला पुरा पडेलच असे नाही.

जुन्या पद्धतीच्या रिमेवर ट्यूबविना टायर बसवू नये. टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा त्या रिमांत नसतो. हवा कमी झाली की वळणावर टायर आत सरकतो आणि हवा एकदम जाते. लष्करी जीपच्या दोन भाग जोडलेल्या रिमा अजूनही क्वचित आढळतात. त्यांतील हवा पूर्ण काढल्याशिवाय जोडाचे बोल्ट कधीही सैल करू नयेत. त्यात प्राणाला धोका आहे.

चाके बसविल्यावर

नट एकाच क्रमाने लागोपाठ न आवळता, एक सोडून एक असे ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे आवळावेत. प्रथम सर्व नट थोडे, मग सर्व नट पूर्ण. पान्याला लांब नळी लावून त्यावर उभे राहू नये. त्याने बोल्ट ताणला जातो. नंतर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. एक चाक वीतभर उंच दगडावर चढवून पुन्हा वळवावे आणि कोठे घासते का ते पाहावे. हेच गाडी भरल्यावरही पाहावे. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. त्यानंतर निदान रोवणीच्या व कापणीच्या हंगामाआधी एकदा तपासावेत. नटापासून बाहेरच्या दिशेने तांबूस गंजाच्या रेघा निघाल्या असतील, भोकाभोवती धातू चकाकत असेल, किंवा संथ चालीत कुटकुट असा आवाज येत असेल, तर गाडी तेथेच थांबवावी. माझ्या उल्लेखिलेल्या जीपमध्ये असा आवाज दोन दिवस येत होता, हे मागाहून कळले.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या व नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हा अर्थ स्पष्ट केला आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणीला सामोरे जावे लागतेच. तेव्हा माप बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो, त्या वेळी हा एक दिवसाचा खटाटोप स्वस्त वाटतो.

दोन आक्षेप

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. काही सुशिक्षित मंडळी म्हणतील की एवढी यातायात कशाला, मूळ कंपनीचीच चाके घ्यावीत. मिळाली तर अवश्य घ्यावीत. तोच सर्वोत्तम मार्ग होय. परंतु जी वस्तू बाजारात सहज मिळत नाही किंवा शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही, ती घ्यावी असा उपदेश करून आपण मोकळे होतो आणि तो भंगार बाजाराकडे जातो. असा उपदेश निर्दोष दिसतो, पण निरुपयोगी असतो.

दुसरीकडून गावचा मिस्त्री म्हणेल की आम्ही वर्षानुवर्षे असेच करीत आलो, काही झाले नाही. त्याच्या हाताच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. आपल्या खेड्यांतील यंत्रे त्याच्याच जोरावर चालतात. पण काही झाले नाही, हा पुरावा नव्हे. चाक बसविल्याच्या दिवशी निखळत नाही. ते तीन आठवड्यांनी निखळते, जेव्हा गाडीत माणसे असतात. मिस्त्रीच्या कौशल्याला पट्टीची जोड मिळाली, तर त्याच्यासारखा कारागीर दुसरा नाही.

शेवटी ग्रामपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. खेड्यात आपल्या शब्दाला आपल्या विषयापुरतेच वजन नसते. बियाण्याविषयी आपण सांगितलेले खरे ठरले की लोक आपल्याला विहिरीविषयी, पंपाविषयी आणि गाडीच्या चाकाविषयीही विचारतात. हा त्यांचा विश्वास आहे. जे आपण मोजले नाही, त्याला होकार देऊ नये. “मी पाहिले नाही, आधी मोजू या,” असे म्हणण्यात कमीपणा नाही. त्या दिवशी मी एवढेच म्हणालो असतो, तर पाचच मिनिटे गेली असती.

ज्या शेतकरी बंधूंनी परकी चाके आधीच बसविली आहेत, त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. येत्या रोवणीपूर्वी एक दिवस काढावा, मिस्त्रीला बोलवावे, चाके उतरवावीत आणि वरील क्रमाने नट, बैठक, खोली व माप तपासावे. जुळत असतील, तर निर्धास्तपणे गाडी वापरावी. जुळत नसतील, तर ती उतरवून ठेवावीत. त्या दिवसापुरती खताची पोती बंडीवर नेली, तरी शेतीचे काम अडत नाही.